एकशे चार ठिपके

देवगड बंदरावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान:
भिंग, चिमटा, खाऱ्या हवेनं गंजलेले चार्जर.
हापूसच्या गावात सफरचंद घेऊन आला
दाजी खवणेकर.
जावयानं दोह्याहून धाडलेलं, खोक्यासकट.

"सगळा जाता मा ह्येच्यातसून तेच्यात?"

जातं. नंबर, फोटो, नातवाचं पहिलं रडणं,
लिलावाच्या ग्रुपवरची भांडणंसुद्धा.
राहतात त्या फक्त खुणा.
अकरा वर्षं समुद्रावर बोट टेकवत
नकाशात टोचलेले एकशे चार ठिपके:
मोठी खडप, बुडालेला पडाव, सुरमईची गल्ली.
ते ॲप पलीकडे मिळतच नाही.

दाजीनं खोकं मिटलं.
मी म्हटलं, लोक ह्याला निष्ठा म्हणतात,
असतो खरा तो सामान हलवायचा कंटाळा.
तो हसला नाही.
त्याच्या बापानं शीड उतरवून इंजिन बसवलं
तेव्हा म्हणे आजा आठ दिवस
होडीच्या सावलीतही बसला नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास कळलं,
दाजी दोन फोन घेऊन दर्यात जातो.
एक सांगतो, दुसरा लिहून घेतो.
जाळ्याच्या वाटेवर पडतील तसे,
कधी दोन ठिपके, कधी एकही नाही.

परवा आला, नव्याची काच तडकलेली.
काच बसवता बसवता मी मोजले:
एकोणसाठ.
"आणि उरलेले?"
"थंय आता मासो नाय."

पैसे दिले, उंबऱ्यापर्यंत गेला, परत फिरला.
प्लास्टिकच्या पिशवीतून जुना काढून
काउंटरवर ठेवला.
"ह्येका वायच चार्जिंगाक लाव."