अठरा मिलिमीटर

प्रश्न आमच्याकडे आला इंग्रजीतून.
त्याच्या आधी तो कुठल्या भाषेत होता, विचारलं नाही.
पाच देशांत शब्दाला शब्द तोच,
म्हणजे एका स्वस्त कृत्रिम गुडघ्याची
सगळीकडे एकच पारख होईल.

मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
उलट्या क्रेटवर बसून मी तो
चांगुणाबाई गांगुर्डेंना वाचून दाखवला:
गुडघे असेच दुखत राहून दहा वर्षं,
की काहीच न दुखता सहा?
काय घ्याल?

त्यांनी हातमोजे काढले, फडक्याची गाठ सोडली.
"आणि उरलेली चार
कुणाच्या नावावर चढतात?"

कुणाच्याच नाही, मावशी. हे नुसतं धरून चालायचं.

"धरूनच चालते की मी.
सकाळी भिंतीला,
सांजच्याला पोरीच्या खांद्याला."

नियमाप्रमाणे मी प्रश्न पुन्हा वाचला.
आवाजात चढउतार न आणता.
पलीकडे पट्ट्यावरून पनेट सरकत होती,
आणि जेवण लवकर आटोपलेली एक मुलगी
प्लॅस्टिकच्या रिंगमधून मणी तपासत होती.

"ती बघ," चांगुणाबाई म्हणाल्या,
"अठरा मिलिमीटर. भोकातून मणी पडला
की तो लोकल. गोड असला तरी.
ते गोरे साहेब येतात ना, ते चाखत नाहीत,
मापतात. तुझी रिंग केवढ्याची?"

मला सांगता आलं नाही.
मी म्हणालो, आकडा तुम्हीच द्यायचा आहे.

त्यांनी भाकरी संपवली. पाणी प्यायल्या.
बाजारात भाव पाडून मागावा तसं म्हणाल्या:
"चार नाही. अर्धं वर्ष देईन.
तेही पॅकहाऊस बंद असतं तेव्हाचं."

मी साडेनऊ लिहिलं.
फॉर्मने त्याचं आपोआप शून्य पूर्णांक पंच्याण्णव केलं.
म्हणजे तक्त्यात चांगुणाबाई
जवळजवळ ठणठणीत.
जी बाई आपली वर्षं सोडत नाही
तिला फारसं दुखतच नाही, असा हिशेब.
आणि जिला दुखत नाही
तिच्यासाठी गुडघा, स्वस्तातला का होईना, महागच.

गुरुवारी कॉल. गंगापूर रोडला साडेपाच,
तार्तूत दोन, कुमासीत बारा,
लिमात सात, रोसाउरा अजून केस विंचरते आहे.
पाचव्या देशाचं कुणीच आलं नाही.
लीसने आलेख उघडला. तिच्याकडचे लोक
तीन-तीन, चार-चार वर्षं देऊन टाकतात,
शांतपणे, उदार.
नाशिकचे ठिपके सगळे वर, छताला चिकटलेले.
"तुमच्याकडे प्रश्न नीट कळला नसेल," ती म्हणाली.
वाईट हेतूने नाही.

मी सांगायला गेलो. "धरून चालणे"
इंग्रजीत नेताना मधेच सांडलं.
भिंत पोचली, खांदा पोचला,
हसू आलं नाही.

मग अकोसुआ बोलली, आवाज तुटत तुटत:
तिच्याकडेही छतच.
कोकोच्या शेंगा फोडणारा एक म्हातारा म्हणाला होता,
वर्षं काय माझी एकट्याची आहेत?
तिने ते वाक्य लिहून ठेवलं होतं,
त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून हाताने, समासात.

लीस गप्प राहिली. मग म्हणाली,
समास स्कॅन करून पाठवा. दोघंही.
"आणि ती रिंग," तिने विचारलं, "म्हणजे नक्की काय?"

निघताना चांगुणाबाईंनी खिशात घातली होती,
तडकलेली, फेकायचीच.
मी ती कॅमेऱ्यासमोर धरली.
पण मागचं घर दिसू नये म्हणून लावलेल्या धुक्याने
ती खाऊन टाकली: नुसताच हात,
चिमटीत काही नाही.

धुकं बंद केलं. मागे दोरीवरचे कपडे आले,
सिलेंडर आला, आणि रिंग.

रोसाउराने कंगवा खाली ठेवला,
आणि डोळा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.