हवेची वही

प्रार्थना संपली की आठवीतलं एकजण गच्चीवर जातं,
पाच मिनिटं नुसतं उभं राहतं,
खाली येऊन वहीत एक ओळ लिहितं.
आमच्या शाळेची ही रीत.
कुणी घालून दिली, विचारू नका;
माझा नंबर आला तेव्हाच पहिल्या वहीची पानं
पापडासारखी मोडत होती.

टिपणीस बाईंचे नियम दोन.
‘छान हवा’ लिहायचं नाही.
छान कुणाला? वाळत घातलेल्या कपड्यांना, की बेडकाला?
आणि अंदाज नको. जे आहे तेवढंच.

म्हणून वहीत अशा ओळी:
मळभ. डोंगर अर्धा.
ऊन आहे पण ओलं.
येऊरवरून गार वारा, उपवनच्या तळ्यावर शहारे.
माकडं टाकीवर, शेपट्या आत घेऊन.
आणि एका जानेवारीत, कुणाच्या तरी किरट्या अक्षरात:
आज बाईंनी स्वेटर घातला.
खाली बाईंची लाल सही, काही न बोलता.

जानी दुमाडा माझ्या वर्गात होती.
पाड्यावरून उतरायची, स्कर्टला कुसळं,
डोंगरातली हवा अंगावर घेऊनच वर्गात यायची.
तिला गच्ची कशाला?
सप्टेंबरची अखेर, सहा दिवसांची झड,
खो-खोच्या मैदानात बदकं सोडावीत असं पाणी,
तिने लिहिलं:
उद्या पाऊस जाईल.
बाईंनी लाल रेघ मारली. अंदाज नको, जानी.
दुसऱ्या दिवशी मैदानातून वाफा निघत होत्या.
त्या रेघेशेजारी, पेन्सिलीने, बारीक,
बाईंच्याच अक्षरात एक शब्द आहे:
गेला.

नववीच्या हजेरीत जानीचं नाव नव्हतं.
ते वहीत कुणी लिहिलं नाही.
वही हवेचीच होती.

आता भूगोल मी शिकवते, वहीही माझ्याकडे.
मुलं घरूनच आकडा घेऊन येतात:
तापमान बत्तीस, जाणवते एकोणचाळीस.
मी विचारते, कुणाला जाणवते?
वर्ग हसतो. मग एखादी मानेवरचा घाम पुसत
म्हणते, मला, बाई.
बरं. मग ते लिही.

ऋतूही आता वेळापत्रकात बसत नाहीत.
डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पोट आलं पाण्याचं,
बांबूने ढोसलं तर पहिल्या रांगेतले पाहुणे भिजले.
आठ वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा
चाचणी परीक्षेमुळे डोंगराची सहल रद्द.
कारवीने वाट पाहिली नाही.

परवा जानी भेटली, येऊरच्या फाटकाशी,
पुढ्यात तवशी आणि करटोल्यांचे वाटे.
पाऊस कधी जाईल गं?
“मोबाईलमधी बघ की, मास्तरीण झालीस ना!”
मग वाटा पिशवीत ओतता ओतता
हनुवटीने वर खूण केली.
दोन तारांमध्ये कोळ्याने विणलेलं
जेवणाच्या ताटाएवढं जाळं,
कोरडं ठणठणीत.
मी दोन वाटे जास्तच घेतले.
घरी करटोली कुणी खात नाही.

आज नंबर इझान तुंगेकरचा.
पाचाची दहा मिनिटं झाली,
मढवीमामा घंटेपाशी टोल हातात धरून.
एकेकाळी गच्चीवरून डोंगर अख्खा असायचा,
कुशीवर निजल्यासारखा.
आता दोन टॉवरांच्या फटीत वीतभर,
तिथेही क्रेन.
तो उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला,
पेन मागितलं, लिहिलं:

डोंगर समोर दिसला नाही.
मागच्या बिल्डिंगच्या काचेत दिसला.
त्याच्यावर ऊन आहे. आपल्यावर नाही.

मी सही केली.
तारीख घालायला तो विसरला होता.
ती मी घातली,
पेन्सिलीने.