डोक्यावर सहा रेघा

या आठवड्यात सगळंच पडतंय.
सोमवारी बाजार पडला, मंगळवारी सावरला,
बुधवारी कुणीतरी माईकपुढे काही बोललं
आणि पुन्हा पडला.
रॉकफर्डला एप्रिलात बर्फ पडतो, त्याचं कुणाला नवल नाही.
तिकडे जे पडतंय
त्याला बातमीत मोहीम म्हणतात. दिवस सत्ताविसावा.

मी बोल्ट विकते. बावीस वर्षं.
बोल्ट, नट, वायसर, खिळपट्ट्या,
नदीकाठच्या लांबोळक्या गोदामात,
जिथं पूर्वी ते बनायचे आणि आता फक्त मोजले जातात.
आमचे दोन कंटेनर तैवानहून निघाले तेव्हा जकात एक होती,
भर समुद्रात दुसरी झाली,
बंदराला लागले तेव्हा म्हणे, थांबा, बघू.
कास्त्रोनोवोसाहेब यादी घेऊन माझ्या टेबलाशी येतात,
भाव लिहितात, खोडतात,
मग हळूच म्हणतात, पेन्सिल आहे का?
इतक्या वर्षांत त्यांना पेन सोडून काही लागलं नव्हतं.

गस लिंडक्विस्टची निवृत्ती सात महिन्यांवर.
हल्ली डबा उघडायच्या आधी फोन उघडतो.
काल माझी बोट बुडाली, म्हणाला,
आज नुसतं इंजिन परत आलंय.
बोट त्यानं अजून घेतलेलीच नाही.

माझी ब्रिटा एका जहाजावर आहे, कुठं ते सांगायचं नसतं.
लाल जर्सी घालते. लाल म्हणजे दारूगोळ्याची माणसं.
विमानाच्या पोटाखाली वाकून जे लावायचं ते लावते,
घट्ट पिळते, अंगठा वर करते, बाजूला होते.
जेवलीस का, मी विचारते.
झोप येते गं, ती म्हणते.
बोट कसं आहे?
लहानपणी सायकलच्या चेनमध्ये चेपलं होतं,
थंडीत अजून ठणकतं.
इथं कुठली थंडी, ती म्हणते,
आणि मग फोनवर वारा, किंवा वाऱ्यासारखं काहीतरी.

गुरुवारी रात्री मी माझ्या फंडाचं पत्रक
पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचलं.
बँका लाल, चपला लाल, ट्रॅक्टर लाल,
औषधंसुद्धा.
मधेच एक नाव हिरवं. दीड टक्का वर.
ते नाव मला ठाऊक होतं.
ब्रिटानं एकदा फोटो पाठवला होता,
पेटीवर बसून सफरचंद खाताना,
तिच्या टाचेमागे तीच अक्षरं.
माझ्या वाट्याचे त्यात एकशे अकरा डॉलर.
आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.
अर्धा क्षण.
मग उठून कप धुतला. तो धुतलेलाच होता.

शुक्रवारी बातमीत एक चित्र आलं.
बंदराचं गाव, अर्धी भिंत, भिंतीशी एक तराजू,
मुलाच्या हातात वाकलेला पत्रा,
पत्र्यात अडकून राहिलेला एक बोल्ट.
आमच्या धंद्यात बोल्ट डोक्यावरून ओळखतात.
तीन रेघा, तर बेताचा.
सहा रेघा, तर कशालाही दाद न देणारा.
शेजारी बनवणाऱ्याची खूण.
मी चित्र मोठं केलं. मुलाचा चेहरा बाहेर गेला.
आणखी मोठं केलं. अंगठा गेला, नख गेलं.
आणखी.
नुसते चौकोन उरले, करडे, तपकिरी,
एक जवळजवळ पांढरा.
विमानाला लागणारे बोल्ट आमच्याकडून जात नाहीत,
मला माहीत आहे, बावीस वर्षं माहीत आहे.
तरी मोजत बसले. तीन? सहा?

मागून गस म्हणाला, काय गं, आज वर की खाली?
मी चित्र लहान केलं.
मुलगा परत आला, चेहऱ्यासकट.
कॅमेऱ्याकडे नव्हे, तो तराजूकडे बघत होता.
तिकडे भंगाराला आज काय भाव असेल?
अगं, वर की खाली?
थांब, म्हटलं, अजून काटा हलतोय.