दुसऱ्या भागातला खोकला

ब्रनोत, पेट्रोव टेकडीखालच्या तिसऱ्या मजल्यावर
दर गुरुवारी रादोमिल तबकड्या मांडतो.
कॉन्चेर्टो एकच. भांडण बारा वर्षांचं.

ओताकारला आवडते ती बाई,
जिचा चेलो पहिल्याच स्वराला उंबरा ओलांडून
थेट घरात येतो, जोडे न काढता.
"ट्राम चुकेल अशी वाजवते," रादोमिल म्हणतो.
मग तो पॅरिसचा म्हातारा,
एकेक स्वर आधी तळहातावर तोलून बघणारा.
"बटाटे घेतोय का हा?" ओताकार.

शेवटी नेहमीची, कडेला टवका उडालेली,
भरल्या सभागृहात मुद्रित झालेली.
चेलो जरा बसक्या आवाजाचा.
दुसऱ्या भागात, हॉर्न येण्याआधी
सगळं सभागृह श्वास धरून बसतं
आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी खोकतं.
दोनदा. दुसरा खोकला दाबलेला.
"बाबा," रादोमिल म्हणतो.
"हजार माणसं होती तिथे," ओताकार म्हणतो.

या गुरुवारी ओताकारने नवी सीडी आणली,
तेच वादन, धुऊनपुसून लख्ख केलेलं.
तारांवरून सरकणारी बोटंसुद्धा ऐकू येत होती.
हॉर्नच्या आधी दोघांनी माना खाली घातल्या.

काहीच नाही.
इतकं स्वच्छ, की स्वयंपाकघरातला फ्रिज
सुरू झालेला कळला.

ओताकारच उठला. बटण दाबलं.
"कुणी सांगितलं होतं," तो पुटपुटला,
"त्यांना बाहेर काढायला?"

रादोमिल जुनी तबकडी बाहीने पुसत होता.
"आणि बाईला घाई असते," तो म्हणाला,
"तेही कबूल कर आता."