मूठ, दोन भागांत

वॉल्सॉलला, कालव्याकाठच्या गाळ्यात
माझ्या टेबलावर पडलीय एक फुटकी मूठ.
आरीची. खोगीर शिवायच्या.
मधोमध उकललेली, वालाच्या शेंगेसारखी,
आणि तिच्या पोटात ठेवलेल्या सहा सुया
सांडल्यात आराखड्यावर,
नेमक्या तिथंच जिथं मी लिहिलं होतं:
जोड पुरेसा मजबूत.

मिसेस हॅकेट काही बोलल्या नाहीत.
त्रेचाळीस वर्षं घोड्यांचं सामान शिवतायत,
तक्रारीची सवय नाही त्यांना.
दोन तुकडे ठेवले, चष्मा पुसला
आणि गेल्या चहा टाकायला.

मुळात पोकळ कशाला?
हे मालकानं विचारलं, साचेवाल्यानं विचारलं,
इचलकरंजीहून फोनवर दादानं विचारलं.
आपल्याकडे पोकळ ही शिवीच की.
मोठं घर, पोकळ वासा. पोकळ गप्पा. पोकळ डौल.
मी म्हटलं, दादा, बांबू बघ.
तो म्हणाला, बांबू तू बनवला नाहीस.

खरंय.

पोकळ यासाठी, की भरीव मूठ
दुपारी चारनंतर वजन वाढवत जाते,
काट्यावर तेवढीच, मनगटात दुप्पट.
आणि प्लास्टिक जाड ओतलं की निवताना
आतून आक्रसतं, वर खळगा पडतो,
गालावर पडावा तसा, पण हसू नसलेला.
म्हणून भिंत अडीच मिलिमीटर, सगळीकडे सारखी.
म्हणून साच्यातून अलगद सुटतील असे दोन भाग.
म्हणून जोड.
आणि जोड म्हटला की भांडण आलंच.

मग दिवसभर मी त्यांचा हात पाहत बसले.
माझा आराखडा धरून चालला होता
की मूठ धरायची असते.
चार बोटं तर नुसती सोबतीला.
ढकलतो तो तळवा, अंगठ्याखालचा उंचवटा,
चामडं जाड निघालं तर त्याच्यामागे खांदा,
मग रोखलेला श्वास, मग जमिनीत रुतलेली टाचसुद्धा.
एवढी सगळी बाई
मी गोंदाच्या एका रेघेवर टेकवली होती.

रात्री नव्या रेघा.
एका भागाच्या कडेला जीभ, दुसऱ्याच्या कडेला खाच.
आत आडव्या फासळ्या, पाच.
चार ठेवून पाहिल्या, पुन्हा पाच.
जोड पाव फेरी फिरवून बोटांच्या बाजूला नेला,
आणि बूड, जिथं तळवा बसतो,
ते अख्खं एकाच भागाला दिलं. वाटणी नाही.
सुईच्या मागे पितळेची चकती,
म्हणजे धक्का तिच्यावर आदळून भिंतीभिंतीत पसरेल,
पंगतीत वाढपी पानापानावर जातो तसा.

तीन आठवड्यांनी नमुना आला.
मिसेस हॅकेटनी चामड्याचे चार पदर घेतले,
कारण तीन पुरे, असं मी आधीच सांगून बसले होते.
आरी आरपार. मूठ गप्प.
मग त्यांनी ती कानाशी धरून हलवली.
सुया वाजल्या.
"खुळखुळा करून दिलास होय," त्या म्हणाल्या,
आणि मी नमद्याचा एक तुकडा कापून आत बसवला,
जो कुठल्याच आराखड्यात नव्हता.

त्यांना सांगितलं, आमच्यात म्हणतात,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
पौंडांत किती होतात, त्यांनी विचारलं.
ही साडेअकराला विकायचीय, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली. महागच वाटली असावी.

त्या फुटक्या मुठीच्या एका भागात
त्या हल्ली दोऱ्याचं मेण ठेवतात.
दुसरा माझ्या खिडकीत आहे, उताणा.
त्यात अजून मी काही ठेवलेलं नाही.