सीटखालचा हीटर

तोक्योच्या भुयारातून आलेला हा डबा
उद्या भंगारात जाणार.
आज रात्री देपोकच्या कारशेडमध्ये
मी त्याच्या सीटा उचलून बघतोय,
कामाचं काही उरलंय का.

प्रत्येक सीटखाली एक हीटर.
इतकी वर्षं जकार्ताच्या घामट दुपारी धावला
आणि पोटाशी बाळगून होता
एक अख्खा हिवाळा,
कुणीच न मागितलेला.
तिकडे म्हणे माणसं खांद्यावर बर्फ घेऊन आत येत
आणि न बोलता पोटऱ्या शेकत.
इथे पहिल्याच आठवड्यात आम्ही वायर कापली.
पक्कड माझीच होती.

पलीकडच्या रुळावर
मादियूनच्या कारखान्यातली नवी गाडी.
तिचं तीन नंबरचं दार नीट लागत नाही.
तिला मी तोंडावर शिव्या देतो, अस्सल जावानीजमध्ये,
तिला त्या कळतात.
तिच्या छताचे जोड माझ्या भाच्याने मारलेत, वसीसने,
शाळेत त्याला सरळ रेघ येत नव्हती.

या डब्याला मात्र कायम अहोजाहो.
मोटर जळली, तर दोष आमच्या पावसाचा.
रबर फाटलं, तर आमच्या उन्हाचा.
पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

लिंतांग, नवी इंजिनियर, विचारते,
"पाक तुगीरान, दोघांत चांगली कोण?"
या जुन्याचा ब्रेक असा लागतो, मी म्हणतो,
की उभ्या माणसाच्या हातातला चहा हलत नाही.
नवीचा लागला
की सगळा डबा एकमेकांची माफी मागतो.
"मग?"
मग काय. माफी मागता मागता
माणसं बोलायला लागतात.

तिने वाकून हीटरला हात लावला.
"आमच्याकडे दिएंगला थंडीत
बटाट्याची पानं पांढरी पडतात, पहाटे.
आई चुलीपासून उठत नाही."

मी इतका वेळ समजत होतो
हिवाळा बोटीतून आलाय.

वायर जोडून बघितली.
आधी जळक्या धुळीचा वास,
मग एक तांबूस, म्हातारी ऊब.
बाहेर अठ्ठावीस अंश.
आम्ही दोघं घामाने निथळत बसलो
आणि कुणीच उठेना.

एक हीटर काढून दिला तिला.
ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हटलं,
आईला सांग, ओल्या हाताने शिवू नको.

मग पक्कड घेऊन
तीन नंबरच्या दाराकडे गेलो,
शिव्या देत.