चारशे सतरा नंबरचा माड

बाबा बोटीवरून यायचे तेव्हा बॅगेत
साबण असायचे, नायलॉनच्या साड्या, एकदा गजराचं घड्याळ,
आणि एकाहत्तर साली
एक रिकामा पत्र्याचा डबा.
पांढरा. वर निळी फीत छापलेली.
आई म्हणाली, भरलेला तरी आणायचा.
बाबा म्हणाले, भरलेला बोटीवरच संपला,
बिअर होती, तिथली सगळ्यात स्वस्त,
खलाशाच्या खिशाला तीच परवडते.

मग पडवीत, पेज निवेपर्यंत, त्या डब्याची गोष्ट.
मिल्वॉकीच्या धक्क्यामागे एका म्हातारीच्या गुत्त्यात
त्यांनी ती ऐकली होती,
निम्मी इंग्रजीत, निम्मी हातवाऱ्यांनी.
जर्मनीकडून आलेल्या लोकांनी भट्टी घातली,
कुठल्या कुठल्या प्रदर्शनांत बक्षिसं मारली,
आणि मग दर बाटलीच्या गळ्यात
निळ्या रेशमाची फीत. खरीखुरी. हातानं बांधलेली.
म्हातारीची आजी त्या बांधणाऱ्या पोरींतली.
दिवसाला किती बाटल्या, ते ती विसरली होती,
पण आजीचं बोट मरेपर्यंत निळसर दिसायचं
हे तिनं दोनदा सांगितलं.
मग लढाई आली, रेशीम मिळेना.
मग दारूबंदी आली.

इथे आजोबांनी डोळे उघडले.
गुणाजी आरोलकर, मुक्काम केळुस,
पंचवीस माड, सकाळ-संध्याकाळ.
"मगे तेनी काय केल्यानी?"
चीज, बाबा म्हणाले. दुधाचं.
बिअरच्या थंड तळघरांत चीज पिकवलं आणि तगून राहिले.
आजोबा इतके हसले की ठसका लागला,
आजीला पाणी घेऊन धावावं लागलं.

आमच्याकडे बंदी आली तेव्हा
तळघर नव्हतं. म्हैसही नव्हती.
फौजदारानं मडकी फोडली, अंगणातच,
सूर वाळूत मुरला आणि दोन दिवस
मुंग्यांची रांग विहिरीपर्यंत.
कोयती आजीनं तांदळाच्या पिंपात पुरली.
आजोबा काथ्या वळायला बसले,
पण पायांना सवय चढायची,
ते पहाटे उठून माडाखाली नुसते उभे राहायचे.
(रात्री कुठल्या माडावर कोण चढलं,
बारशाला, बाराव्याला सूर कुठून आला,
हे मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.)

"फीत म्हंजे बक्षीस मां?
बक्षीस आमच्या माडाक पण गावला हा."
कंदील घेऊन त्यांनी मला परसात नेलं.
खोडावर, माझ्या कपाळाच्या उंचीवर,
कोरलेला आकडा: ४१७.
साहेबाच्या वेळचा. माडामागे कर,
कर भरला तर आकडा,
आकडा असला तरच पोय छेदायची.
कोरणाऱ्या शिपायाला आजोबांनीच पाणी दिलं होतं,
आणि शहाळं.

दुसऱ्या दिवशी सत्तरीचा तो माणूस
कमरेला डबा बांधून वर चढला.
आई खालून ओरडत राहिली.
संध्याकाळी उतरवला, एक घोट घेतला, थुंकला.
"पत्र्याचो वास येता. मडक्याची सर येवची नाय."
आणि डबा मला दिला, गोट्या ठेवायला.

माड शेंड्याकडून वाढतो, खालचं खालीच राहतं.
आकडा आता माझ्या छातीशी येतो.
डब्यावरचं निळं आधी उडालं, मग पत्रा गेला,
त्या दोघांच्या मधल्या कुठल्याशा वर्षी बाबा.

परवा वेंगुर्ल्याला, बंदराकडच्या बारमध्ये,
फ्रीजभर बाटल्या, सगळ्यांच्या गळ्यात सोनेरी कागद.
मी विचारलं, माडी आहे?
गल्ल्यावरचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला,
ती आता कोण काढणार, ताई?
मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं,
तुमचे माड आहेत?
एक आहे, म्हटलं.
नंबर सांगितला नाही.